किती उतरलं?

वजन उतरवण्यासाठी धाकट्या बहिणीचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले. टाके दुखतात का, झोप लागते का, हे एका दमात उरकून प्रत्येक जण एकाच प्रश्नावर येतो : "किती उतरलं?" पहिला पंधरवडा तिला याचं उत्तर द्यायला आवडायचं. तिसऱ्या आठवड्यात काटा अडकला. रोज सकाळी तोच आकडा दिसू लागला आणि तिनं फोन उचलणंच बंद केलं. मला म्हणाली, "ताई, दिवसभर मी पातळ पाण्यावर आहे. तरी उतरत नसेल, तर पोट कापून घेतलं कशाला?"

"किती उतरलं?" या प्रश्नावर सरसकट बंदी घालावी, असं ठरवूनच मी लिहायला बसले.

लठ्ठपणा हा आजार आहे, त्याच्या पाठोपाठ मधुमेह, रक्तदाब आणि गुडघे येतात, हे आता कुणाला सांगायला नको. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त काढून टाकतात, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. काटा का अडकतो, ते मात्र नीट समजून घ्यायला हवं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम तुटलं की आधी हा साठा खर्च होतो, त्याच्यासोबत पाणी जातं आणि काटा भराभर खाली येतो. मग चरबीची पाळी येते. ती सावकाश वितळते आणि मधूनच शरीर पुन्हा थोडं पाणी धरतं, म्हणून काटा हलत नाही. धुतलेली गोधडी दोरीवर टाकली की आधी पाणी धो धो गळतं, मग गळायचं थांबतं; वाळणं मात्र तेव्हाही चालूच असतं.

हे बहिणीला समजावून सांगितलं. तिला पटलंही. तरी तिचा चेहरा उतरलेलाच राहिला, कारण तिची अडचण शास्त्र न कळण्याची नव्हती. तिला रोज काहीतरी मिळत होतं, ते मिळेनासं झालं होतं. ते म्हणजे कौतुक. कौतुक आणि सोबत या दोन गोष्टींत मी फार फरक मानते. कौतुकाला काहीतरी घडलेलं लागतं. सोबतीला काही घडावं लागत नाही.

आमच्या एका काकांना यातलं काहीच मान्य नाही. "तोंडाला आवर घातला असता, रोज तासभर चालली असती, तर ही वेळ आली नसती. सोपा मार्ग निवडला तिनं." काका रोज पहाटे चालतात, म्हणून त्यांच्या बोलण्याला घरात वजन आहे. पण तोंडाला आवर घालणाऱ्यांचं काय होतं, हे तपासलं गेलं आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवून त्यांचं वजन उतरवलं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार वर्ष उलटल्यावरही भूक चेतवणारी संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती. म्हणजे माणूस आवर घालतो तेव्हा त्याचं शरीर वर्षभर त्याच्याशी भांडत असतं. बहिणीनं तीन वेळा पंधरा-पंधरा किलो उतरवलं होतं, हे काकांनी पाहिलेलं आहे. तिच्यात निग्रहाची कमतरता होती, असं ते कसं म्हणू शकतात?

आणि सोपा मार्ग? तिच्या ओट्यावर औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण ठेवलेलं असतं. त्यात मुगाचं कढण ओतायचं, घोट घ्यायचा, थांबायचं, छातीत दडपल्यासारखं झालं तर उरलेलं बाजूला ठेवायचं. खाण्यावर लगेच पाणी नाही. त्यासाठी अर्धा तास जाऊ द्यायचा. तरीही दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं आणि दीड लिटर पाणी पोटात जायला हवं, म्हणून जागेपणीचा प्रत्येक तास घोटांत वाटलेला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यायचं आहे.

थोडं विषयांतर करते. आपल्याकडे प्रेम पंगतीत दाखवतात. ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारी आत्या प्रेमळ ठरते. जेवणारा "पुरे" म्हणतो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हीच आग्रहाची रीत. अशा घरात चार चमच्यांत पोट भरणारं माणूस पानावर बसलं की वाढणाऱ्यांचे हात रिकामे पडतात. प्रेम दाखवायची दुसरी रीत आपण शिकलेलो नाही, मग आपण आकडा विचारतो. 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद मुंबईत लठ्ठपणावरच्या उपचारांसाठी आल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनीही किलोच मोजले. पुढे त्या किलोंवरून वाद झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचं निधन झालं. इतके आकडे छापून आले, पण एक बाई म्हणून त्या आपल्याला किती कळल्या?

आकड्याऐवजी दुसऱ्या गोष्टींचं कौतुक करा, असं मी सुचवणार होते. जिना चढताना दम लागत नाही, अंगठी सैल झाली, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या. पण लिहिता लिहिता वाटू लागलं की तेही कौतुकच आणि तेही काही घडलं तरच मिळणार. शिवाय जठराचा जो भाग काढला, तिथेच भूक चेतवणारं घ्रेलिन मुख्यतः तयार होतं. त्यामुळे सुरुवातीचे महिने भूक बरीचशी गप्प असते आणि आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत तरी वजन उतरतंच. आमच्या कौतुकाची खरी गरज या दिवसांत नाहीच.

सोबतीची गरज मात्र पुढे आहे. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर आली. थोडं वजन परत येतं. सवयीवाचून निभावत नाही, हे काकांचं म्हणणं इथे खरं ठरतं. आणि त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी आढळले, मात्र कुणाचं वजन किती उतरलं याच्याशी त्या फायद्याचा संबंध दिसला नाही. आकडा थोडा वर सरकला म्हणून सगळं वाया गेलं, असं मुळीच नाही. पण तेव्हा हे सांगायला जवळ कोण असतं? सुरुवातीला रोज फोन करणारे तोवर गप्प झालेले असतात.

म्हणून तिसऱ्या आठवड्यातला अडकलेला काटा मला आता वाईट वाटत नाही. आपण सगळं नीट करतोय आणि आकडा साथ देत नाही, हे पुढे अनेकदा घडणार आहे. त्याची पहिली ओळख भूक गप्प असताना आणि घर भोवती असताना झाली, हे बरंच झालं. प्रश्नावरची बंदीही मी मागे घेते. प्रश्नात वाईट काही नाही. तो दोन महिने विचारून विसरून जाणं वाईट. ऑपरेशन ठरतं तेव्हा घरचे बसून पैशांचा हिशेब करतात, विम्याचे कागद जमवतात. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवायला हवी : पाचव्या वर्षी वार्षिक रक्ततपासणीला तिच्याबरोबर कोण जाणार, आणि सहाव्या वर्षी कोण. आमच्या घरी पाचव्या वर्षासाठी मी माझं नाव दिलंय. सहाव्यासाठी काकांना विचारणार आहे.