निष्काम कर्म आणि कंत्राटी कामगार
कंत्राटी कामगारात कायम नोकरदाराइतकी निष्ठा नसते, अशी तक्रार करताना गीतेतला निष्काम कर्मयोग हमखास पुढे केला जातो. पण तो उपदेश म्हणजे कर्त्याने स्वतःच्या आसक्तीला घालायचा आवर. दुसऱ्याचे फळ अडवण्याचा परवाना मालकाला त्यात कुठेच नाही. मुंबईत कंत्राटी सफाई कामगार कायम कामगारांसारखाच कचरा वर्षानुवर्षे उचलत राहिले. त्यांपैकी २,७०० जणांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला. इतकी वर्षे टिकलेल्या कामाला निष्ठा नाही तर काय म्हणायचे? कायमपणाने आळस येतो, असा आक्षेप असतो. काहींना येतोही; पण त्यावर उपाय देखरेखीचा, असुरक्षिततेचा नव्हे. नोकरी जाण्याच्या भीतीने केलेले काम तर सकामच ठरते. निष्काम वृत्तीची अपेक्षा ठेवणाऱ्या संस्थांनी आधी समान कामाला समान वेतन द्यावे.