चूक कोणाची याआधी इजा कोणाला

पुण्यातल्या धायरीपासून हाकेच्या अंतरावर, नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनामुळे सुमारे ४८ गाड्यांचे नुकसान झाले. अशा प्रत्येक अपघातानंतर पहिली चर्चा चूक कोणाची याचीच होते. ब्रेक निकामी झाले, की डिझेल वाचवायला चालकाने गाडी न्यूट्रल केली, की उतारच धोक्याचा बांधला आहे? गुन्हा ठरवायला ही चौकशी हवीच. पण ज्याचा पाय मोडला त्याचे घर त्या उत्तरासाठी थांबू शकत नाही. आपल्याकडचा भरपाईचा विचार गेल्या शंभर वर्षांत दोषाकडून इजेकडे सरकत आला, तो या अडचणीमुळेच. हे सरकणे न्याय्य आहे, मात्र ते अजून अर्ध्या वाटेवर आहे.

सुरुवात कारखान्यातून झाली. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या खांद्यावरून उतरवले. इजा कामामुळे आणि काम करताना झाली, एवढे दाखवणे पुरे ठरले. धायरी-नऱ्हे पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर बोटे गमावणाऱ्या माणसासाठी या तत्त्वाचे मोल फार मोठे आहे, कारण मशीनला गार्ड नव्हते हे सांगायला सोबतचा कामगार नोकरीच्या भीतीने पुढे येत नाही. रस्त्यावर हाच विचार यायला मात्र साठ वर्षे लागली. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालक वा विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. त्यानंतर मोटार वाहन कायद्यातल्या १९८२ च्या दुरुस्तीने दोष न पाहता मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देऊ केले. २०१९ ची दुरुस्ती एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि या रकमा मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर इजेसाठी अडीच लाख झाल्या. चूक सिद्ध करून जास्त भरपाई मागण्याचा मार्ग अर्थात खुलाच आहे.

यावर आक्षेप असा की, पैसे विमा कंपनीच देणार असतील तर चालक बेफिकीर होतील. पण भरपाई मिळाली म्हणून फौजदारी खटला थांबत नाही, परवानाही वाचत नाही. उलट पुराव्याअभावी जखमीला रिकाम्या हाताने परत पाठवल्याने कोणी सावध झाल्याचे दिसत नाही. खोटे दावे होतात, हा आक्षेप अधिक खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे वेळेवर झालेला पंचनामा आणि रुग्णालयाच्या नोंदी, सगळ्याच जखमींवरचा संशय नव्हे. दोषाचा प्रश्न सगळीकडून काढून टाकावा, असेही मी म्हणणार नाही. उपचारातच जोखीम असते, म्हणून डॉक्टरांविरुद्धच्या दाव्यात हलगर्जी दाखवावीच लागते. मांडीचे हाड मोडलेल्या कोकणातल्या एका तरुणाचा १९५३ मध्ये पुण्यात उपचारादरम्यान मृत्यू झाला. त्या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरला जबाबदार धरले. भरपाई होती ३,००० रुपये.

किती द्यायचे, याचाही विचार बदलला, आणि मला तो बदल सर्वांत मोलाचा वाटतो. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दाखल्यावरचे अपंगत्व आणि कमाईची हानी एक नव्हे. डावा हात गेलेला कारकून काम करत राहू शकेल. सुताराची किंवा ड्रायव्हरची मात्र सगळी कमाई जाऊ शकते. म्हणजे मोजायचे आहे ते त्या माणसाचे पुढचे आयुष्य, त्याची हाडे नव्हेत.

आता उरतो रस्ता. खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, इजा झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. इथे वाहनाऐवजी रस्ता राखणारी यंत्रणा समोर आली, ही विचाराची पुढची पायरी. धायरीत तिची कसोटी लागेल. गावाचा उरलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत आला, शेजारचे नऱ्हे २०२१ मध्ये, आणि महामार्ग आहे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. हद्द कोणाची, हा यंत्रणांचा आपसातला हिशेब आहे. त्यांनी तो जखमीला पैसे दिल्यानंतर करावा. आणि २०१९ च्या दुरुस्तीने अपघात दाव्यासाठी घातलेली सहा महिन्यांची मुदत संसदेने काढून टाकावी. डोक्याला मार लागलेल्या माणसाचे सहा महिने अंथरुणातच जातात, आणि त्याच्या घरचे तोवर वकिलाच्या नव्हे, दवाखान्याच्या खेपा घालत असतात.