बारा कपांचं भांडं

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी आमच्या घरातलं कॉफीचं यंत्र वारलं. 'बिघडलं' न म्हणता 'वारलं' म्हणतो, कारण घरातली ती सगळ्यात जुनी मंडळी. माझ्या लग्नाच्याही आधीची! बटण दाबलं, लाल दिवा लागला, पण नेहमीची गुरगुर काही ऐकू येईना. बाहेर बर्फ, नऊला क्लायंटची मीटिंग, आणि काचेच्या भांड्यात एक थेंब नाही. शेवटी पातेल्यात पाणी उकळून, चहाच्या गाळण्यातून कॉफी गाळून वेळ निभावली.

या यंत्राची जन्मकथा सांगायला हवी. २००३ च्या ऑगस्टमध्ये मी एम.एस. करायला पेन स्टेटला आलो, ते दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन. पुढच्या उन्हाळ्यात कोणीतरी सांगितलं की बीव्हर स्टेडियममध्ये जुन्या सामानाची विक्री आहे. वसतिगृहं सोडताना मुलं जे मागे टाकून जातात, ते गोळा करून विकायचं आणि पैसे धर्मादाय कामाला द्यायचे, असा 'ट्रॅश टू ट्रेझर' नावाचा उपक्रम विद्यापीठाने २००२ साली सुरू केला होता. लाखाहून जास्त माणसं मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये दिवे, गालिचे, छोटे फ्रीज यांच्या राशी पडल्या होत्या. त्यातून हे यंत्र मी तीन डॉलरला उचललं. आधी कोणाचं होतं कोण जाणे!

आम्ही चौघे एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. दर ऑगस्टला भारतातून नवी मुलं यायची. स्वतःची जागा मिळेपर्यंत आमच्या कार्पेटवर झोपायची आणि सकाळी कॉफीच्या वासाने उठायची. मीही तसाच आदल्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी कार्पेटवर झोपलो होतो. ज्याने मला पहिल्या सकाळी कॉफी दिली, त्याच्याशी पुढे फारसा संबंध राहिला नाही. पण तो कप अजून आठवतो. सांगलीच्या आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली. त्या काळ्या, कडू पाण्याला मी मनात नावं ठेवली आणि दुसरा कप मागितला.

असो. तर आता नवं यंत्र घ्यायचं होतं. माझा धंदा पडला आयटी कन्सल्टिंगचा. कंपन्यांना सॉफ्टवेअर निवडून देण्यासाठी मी जे करतो तेच घरी केलं. एक्सेल उघडलं, डावीकडे अकरा यंत्रं, वर नऊ निकष आणि प्रत्येक निकषाला वजन. किंमत, पाण्याचं तापमान, आकार, आवाज, वॉरंटी वगैरे. मला एक नवीन ज्ञानही मिळालं. अमेरिकेतल्या कॉफी यंत्रांचा 'कप' बहुधा पाच औंसांचा असतो, म्हणजे जेमतेम दीडशे मिलिलिटर. 'बारा कप' लिहिलेल्या भांड्यात आपले मोठे मग सहाच भरतात! तीन आठवडे झाले, तक्ता वाढत गेला आणि कॉफी पातेल्यातच राहिली. बायको म्हणाली, "तुझ्या क्लायंट लोकांची आता मला दया येते."

इथून अडीच-तीन तासांवर पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात हर्बर्ट सायमन शिकवत. कॉम्प्युटरवाल्यांनाही ते आपले वाटतात आणि अर्थशास्त्रज्ञांनाही. १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचं म्हणणं असं की माणूस सर्वोत्तम गोष्ट शोधतच नाही, तेवढी बुद्धी आणि वेळ त्याच्याजवळ नसतो. पुरेशी चांगली गोष्ट मिळाली की तो थांबतो, आणि थांबावंच. आपल्या भाषेत त्याला एकच शब्द आहे, 'पुरे'. जेवताना पानावर हात आडवा धरून म्हणतो तो.

पण पुरेसं म्हणजे कशासाठी पुरेसं? हे ठरल्याशिवाय 'पुरे' म्हणता येत नाही. आणि नेमका तोच रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

तो भरून काढला मुलीने. ती या वर्षी कॉलेजला चालली आहे. ती म्हणाली, "बाबा, पॉडचं मशीन घ्या ना. पिणारे तुम्ही दोघंच. आई सहाला पिते, तुम्ही आठला. बारा कपांचं भांडं कशाला?" तर्क बिनतोड होता. पॉड ठेवा, बटण दाबा, एका मिनिटात एक कप. कोणी कोणासाठी थांबायला नको.

माझं पहिलं उत्तर ठरलेलं होतं : कचरा! पॉडच्या यंत्राच्या जनकांपैकी एक, जॉन सिल्व्हन, यांनी स्वतःच २०१५ साली कबूल केलं होतं की कधीकधी आपल्याला या शोधाचं वाईट वाटतं. जर्मनीत हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशाने असले पॉड विकत घेणं बंद केलं. हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर ऐकवलं. धाकटा पंधरा वर्षांचा आहे. त्याने फोनवर दोन मिनिटांत शोधून काढलं की २०२३ साली कॅनडात क्विबेक विद्यापीठाच्या शिकुतिमी इथल्या संशोधकांनी हिशेब मांडला, त्यात सगळ्यात जास्त कार्बनचा भार निघाला तो फिल्टर कॉफीचा! कारण त्यात पूड जास्त पडते. कॉफी पिकवण्याचा भार पॉडच्या प्लॅस्टिकपेक्षा मोठा असतो. त्यावर वादही झाले. पण रोज अर्धं भांडं सिंकमध्ये ओतणाऱ्या माणसाने पॉडवाल्याला नीती शिकवू नये, एवढं मला कळलं. माझी नैतिक खुर्ची डुगडुगली.

मग मला पॉड का नको होतं? त्याचं उत्तर मला त्या यंत्राच्या इतिहासात सापडलं. क्युरिगची यंत्रं १९९८ मध्ये आधी कार्यालयांसाठी आली. घरासाठीचं यंत्र आलं २००४ मध्ये, म्हणजे मी तीन डॉलर मोजले त्याच वर्षी. ऑफिसमध्ये त्यांची गरज का पडली, हे ऑफिसात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथल्या भांड्यातली कॉफी सकाळपासून तापून कडू झालेली असते, आणि शेवटचा कप घेणारा दुसरं भांडं कधीच चढवत नाही! परक्या माणसांमधल्या या भांडणावर पॉड हा उत्तम तोडगा आहे. तुझा कप तुझा, माझा माझा. पण ऑफिससाठी काढलेला तोडगा घरात आणला, की ऑफिसची रीतही मागोमाग घरात येते.

प्रत्येक वस्तू काहीतरी गृहीत धरून बनवलेली असते. पॉडचं यंत्र गृहीत धरतं की पिणारा एकटा आहे आणि घाईत आहे. बारा कपांचं भांडं गृहीत धरतं की कोणीतरी येणार आहे. आमच्या घराबद्दल यातलं कोणतं गृहीत खरं, हा प्रश्न होता. प्रामाणिकपणे सांगायचं तर मुलीचंच खरं होतं. गेली कित्येक वर्षं ऑगस्टमध्ये आमच्याकडे कोणी येत नाही. नव्या मुलांचं भारतातूनच फोनवरच्या ग्रुपमध्ये सगळं ठरलेलं असतं : घर, रूममेट, विमानतळावरची गाडीसुद्धा. त्यांना आमच्या कार्पेटची गरज नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांना गरज उरली नाही म्हणून आम्ही बोलावणंही बंद केलं.

मधल्या एका रविवारी सांगलीला फोन केला. अण्णा एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाले त्याला खूप वर्षं झाली. यंत्राची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, "उघडून पाहिलंस का?"

मी ओशाळलो. तीन आठवडे अकरा यंत्रांचा अभ्यास केला, पण घरातलं यंत्र उलटं करून पाहिलं नव्हतं. तेव्हाच गॅरेजमधून स्क्रू ड्रायव्हर आणला, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि प्लग काढून यंत्र उघडलं. आत काय असतं ते बावीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. पंप नाही, काही नाही. फक्त घोड्याच्या नालासारखी वाकवलेली, तापणारी नळी. तिच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वाफेचे बुडबुडे पाणी वर ढकलतात. तीच ती गुरगुर! आणि तीच नळी वरच्या तबकडीलाही गरम ठेवते. अण्णा खूश झाले. "साधं आहे, म्हणून टिकलं," म्हणाले. आधी फ्यूज तपासायला सांगितला, आणि बजावलं, "जळाला असला तरी तारा थेट जोडू नकोस. तो घर वाचवायला असतो." फ्यूज शाबूत निघाला. तापणारं वेटोळंच आतून तुटलं होतं. "मग नाही व्हायचं," अण्णा म्हणाले. "पण आता टाकलंस तर चालेल."

'आता टाकलंस तर चालेल' हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. उघडून पाहण्याआधी टाकणं आणि पाहून मग टाकणं, कचऱ्याच्या डब्यात दोन्हींचं वजन सारखंच. पण टाकणारा माणूस तोच राहत नाही. तो फोन तासभर चालला होता. एरवी आमचे फोन दहा मिनिटांत हवामान आणि रक्तदाबावर संपतात.

शेवटी तक्ता मिटवला आणि दुकानात जाऊन एक साधं, एका बटणाचं, बारा कपांचं यंत्र आणलं. मुलीने भुवया उंचावल्या. तिचा मुद्दा मी खोडून काढलेला नाही, आणि नुसत्या मोठ्या भांड्याने तो खोडलाही जात नाही. पाहुण्यांसाठी जागा ठेवून पाहुण्यांना न बोलावणारं घर हे एकट्या माणसाच्या घरापेक्षा जास्त खोटं. यंत्र विकत घेता येतं, त्याने गृहीत धरलेली माणसं मात्र आपल्यालाच जमवावी लागतात.

म्हणून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, भांडं रोज भरायचं नाही; दोघांपुरती कॉफी करायची, आणि ती दोघांनी सातला एकत्र प्यायची. एकाने तासभर उशिरा, दुसऱ्याने तासभर लवकर. दोन, ऑगस्टपासून महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्या विद्यार्थ्यांना घरी बोलवायचं. पहिल्या रविवारी तिघे आले. त्यातला एक कॉफी पीतच नाही, त्याच्यासाठी चहा टाकला. दुसऱ्याने पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं, ते लपवलं, आणि थोड्या वेळाने कप पुढे केला. मी जायफळाची डबी काढली.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं पेन स्टेटला येतात, त्यांना सोडायला तुम्ही स्टेट कॉलेजला येता आणि हॉटेलात उतरता. परतीचा रस्ता फार लांबचा वाटतो त्या दिवशी, हे आता मलाही कळू लागलं आहे. निघण्याआधी आमच्याकडे या. भांड्यात अजून चार मग सहज मावतात.