सुटे की सगळे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी चौरंगावर जी चांदीची नाणी मांडतात ती अकरा आहेत. आजीच्या वेळेपासूनची, सगळी राणीछाप. वर्षभर ती एका पितळी डब्यात असतात. दिवाळीला बाहेर येतात, चिंचेच्या कोळाने घासली जातात, दुधापाण्याने न्हातात आणि हळदकुंकू लावून घेऊन पुन्हा डब्यात जातात. नाणी जमवणारा कोणी हे पाहील तर कपाळावर हात मारून घेईल, कारण नाणे घासू नये हा या छंदाचा पहिला धडा आहे. आमच्या राणीचे नाक इतक्या दिवाळ्यांत झिजून सपाट झाले आहे. मी स्वतः साठ वर्षांहून अधिक काळ नाणी जमवीत आलो. पण या अकरांच्या बाबतीत तोंड उघडण्याची मला घरात मुभा नाही.

गेल्या दिवाळीत नातीने विचारले, "आजोबा, यातलं सगळ्यात महाग कुठलं?" मी चष्मा चढवून साले वाचू लागलो. तेवढ्यात पलीकडून तिची आजी म्हणाली, "यातलं असं काही नसतं गं. ती सगळी मिळून एक आहेत."

नातीचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. कारण नाणी सुटी घ्यावीत की संचाने घ्यावीत, या प्रश्नाने मला आयुष्यभर सतावले आहे, आणि तो नुसता पैशांचा प्रश्न नाही असे मला आता वाटू लागले आहे.

वरवर पाहिले तर हा हिशेबाचाच प्रश्न दिसतो. इतवारीच्या सराफ्यात बसणारे एक जुने व्यापारी मला नेहमी सांगत, "साहेब, संच घेणारा माणूस एका चांगल्या नाण्याबरोबर चार टाकाऊ नाण्यांचेही पैसे मोजतो. तुम्ही आपले वेचून घ्या." हे खरे आहे. सुटे नाणे घेताना माणूस ते उलटसुलट करून पाहतो, कड तपासतो, वजन करतो. संच घेताना नजर पेटीवर आणि मखमलीवर जाते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. एकेक करून जमवू लागले म्हणजे सोपी नाणी पहिल्या वर्षात मिळतात आणि शेवटच्या एका नाण्यासाठी दहा वर्षे जातात. ते सापडले की विकणारा आपल्या तोंडाकडे पाहून भाव सांगतो. हिशेबाच्या दृष्टीने पाहाल तर कधी ही बाजू जड, कधी ती.

पण हिशेब बाजूला ठेवला, तर स्वतःच्या छंदापुरते माझे मत पक्के आहे. जमवायचे ते एकेक करून. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्याआधीचा रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा. आता तो एकदम शंभरांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे बरोबर होत. पण एका आण्याचे सहा की सव्वासहा यावरून दुकानादुकानांत वाद चालत. आम्हां मुलांना त्या वादात रस नव्हता. आम्हांला हवी होती ती नवी नाणी: तांबूस रंगाचा एक पैसा, नागमोडी कडेचे दोन आणि दहा, चौकोनी पाच, गोल पंचवीस. ती मी महिन्याभरात जमवली आणि संच पुरा झाला म्हणून नाचलो. तो पुरा झाला नव्हता. पन्नास नव्या पैशांचे नाणे १९६० साली निघाले आणि निकलचा रुपया १९६२ साली. म्हणजे टांकसाळीलाच माझा संच पुरा करायला पाच वर्षे लागली! त्या पाच वर्षांत मी दहाचा पंधरा वर्षांचा झालो. आज ती सात नाणी हातात घेतली म्हणजे प्रत्येकाबरोबर एकेक इयत्ता आठवते.

आता सरकारी टांकसाळी संग्राहकांसाठी मुद्दाम संच काढतात. आरशासारखी चकचकीत नाणी पेटीत बसवून घरपोच येतात. ती सुंदर असतात, यात शंका नाही. पण त्या नाण्यांनी कधी भाजी आणलेली नसते, की कोणाच्या मुठीत घाम खाल्लेला नसतो. ज्या संचात काहीच उणे नव्हते, त्यात शोधायलाही काही उरत नाही. आयती पूर्णता विकत घेता येते, पण तिची ओळख होत नाही.

इथवर कोणाचे नुकसान नाही. खरा पेच पुढे आहे. आपला संच आपण कसा जमवावा हा आवडीचा प्रश्न झाला. दुसऱ्याने जमवलेला संच समोर आला तर त्यातले हवे तेवढे उचलावे काय?

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांनी आपली पेटी मला दाखवली होती. राणीछाप रुपये त्यांनी सालवार लावले होते, खाली शाईने साल लिहून. त्यांना पैशांची नड होती. मी त्यांतले दोन रुपये, नेमके सगळ्यांत कोरे, निवडले. त्यांनी मागितली ती किंमत दिली आणि आनंदाने घरी आलो. काही महिन्यांनी कळले की उरलेले कोणी घेईना. जो तो पाहून म्हणे, चांगले गेले वाटते. शेवटी ते सराफाकडे तोळ्याच्या भावाने गेले. जुना चांदीचा रुपया म्हणजेच एक तोळा. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रुपयाने लोकांनी सोने तोलले. ज्याने दुसऱ्याला तोलायचे तोच पारड्यात पडला आणि मुशीत गेला. मी फसवले नव्हते. भाव त्यांनीच सांगितला होता. तरीही ते दोन रुपये मी आजवर कोणाला अभिमानाने दाखवू शकलेलो नाही. आपल्या भाषेत दागिना विकण्याला 'मोडणे' म्हणतात आणि सुट्या पैशांना 'मोड' म्हणतात. त्या पेटीची मोड मी केली होती.

सगळे एकत्र राहण्यात काय असते, हे आपल्या विदर्भातल्याच एका साठ्यावरून कळते. तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळा नावाचे गाव आहे. तिथे १९३९ साली सातवाहन राजांच्या नाण्यांचा साठा सापडला. दीड हजारांहून अधिक नाणी, आणि तीही सोन्याची नव्हेत. पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची. सुटे नाणे कोणा बाजारात नेले असते तर कोणी ढुंकून पाहिले नसते. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, राजवार लावली, आणि त्यांतून पुराणांच्या वंशावळीत नसलेली काही राजांची नावे पुढे आली. कोणी रसिकाने आधीच 'बरी बरी' नाणी वेचून नेली असती, तर ते राजे पुन्हा मातीत गेले असते.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९०६ साली तिथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. एका नाण्यावरून एवढेच कळते की एका राजाने दुसऱ्याचे नाणे पुन्हा ठोकले. नऊ हजारांवरून कळते की एक राज्य गेले आणि दुसरे आले. बातमी नाण्यात नव्हती, मोजणीत होती.

म्हणून काय, संच कधी मोडूच नये? तसेही म्हणता येत नाही. असे साठे एकदा नोंदले गेले, वाचले गेले, की त्यांतली नाणी पुढे निरनिराळ्या संग्रहालयांना वाटली जातात, आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. आपल्याकडे संत्र्यांची बागही झाडावर असतानाच उक्ती दिली जाते. पुढे फळांची निवड होते आणि लहानमोठी वेगळ्या भावाने विकली जातात. बागवान तक्रार करीत नाही, कारण बाग देताना त्याने ती आपल्या डोळ्यांनी पाहिलेली असते. म्हणजे पाप मोडण्यात नाही. मग ते कशात आहे?

नागपूरकराला याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात मातीमोल विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याला लिलावासाठी गेले. राण्यांचा विरोध कोणी जुमानला नाही. लिलावात प्रत्येक वस्तूला काही ना काही किंमत आलीच असेल. पण ज्यांच्या घरचे ते होते त्यांची संमती कोणत्याच आकड्यात नव्हती. पहिल्या रघूजी भोसल्यांची एक तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. ती नागपुराबाहेर कधी आणि कशी गेली ही वेगळी गोष्ट. पण ती परत आल्याचे ऐकून माझ्यासारख्या म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. फुटलेली घराणी आणि फुटलेले संच असेच एकेक करून, आणि भलत्याच किमतीला, परत आणावे लागतात.

आता महालातल्या घराची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एकांनी मला तिथे नेले. घरच्या काकू माझ्याच वयाच्या, यजमान वर्षापूर्वी गेलेले. त्यांनी एक लाकडी पेटी पुढे ठेवली. सहाव्या जॉर्जचे रुपये, १९३८ पासून १९४५ पर्यंत दर सालचा एक, चांदीचे; आणि शेवटी १९४७ चा निकलचा, चालत्या वाघाचा. खालच्या कप्प्यात १९५० सालचा प्रजासत्ताकाचा संच: घोड्याचा पैसा, बैलाचे आणे, कणसांचा रुपया.

काकू म्हणाल्या, "भाऊ, तुम्हांला हवे ते घ्या. सगळ्यांचा एकच भाव. सराफाने चांदीचे सांगितले त्याच्या दुप्पट द्या, झालं."

माझी नजर दुसऱ्या खणावर खिळली. १९३९ चा रुपया. ज्यांना या छंदाची बाधा नाही त्यांना सांगतो, की त्या मालिकेत हाच एक दुर्मिळ आहे. उरलेल्या आठांच्या बेरजेपेक्षा त्या एकाची किंमत कितीतरी पट असते. साठ वर्षांत तो माझ्या हाती लागला नव्हता. दुप्पट चांदीचे पैसे माझ्या खिशात होते. शब्द खोटा बोलायचा नव्हता. नुसते गप्प राहायचे होते. जगातल्या पुष्कळ चोऱ्या अशाच गप्प राहून होत असाव्यात.

मी पाणी मागितले. ते प्यायलो. मग म्हणालो, "काकू, या नऊंतला हा एक वेगळा आहे." आणि जे माहीत होते ते सगळे सांगितले. या सालच्या खोट्या प्रतीही पुष्कळ असतात, म्हणून आधी जाणत्याकडून पारखून घ्या, आणि एकाच व्यापाऱ्याचे ऐकू नका, हेही सांगितले. माझी कल्पना अशी, की त्या आता म्हणतील, मग संच मोडायला नको. मनातल्या मनात मी तेवढे पुण्य पदरात पाडूनही घेतले होते.

काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग हा एकच विकते. नातीच्या कॉलेजचं होऊन जाईल. बाकीचे आठ नातवंडांत वाटून टाकते. त्यांच्या लक्ष्मीपूजनाला होतील."

"पण संच?" माझ्या तोंडून निघून गेले.

"संच त्यांचा होता, भाऊ. ते जमवून राहिले होते तोवर होता. आता पोरं हीच त्यांची."

त्या दिवशी मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि ते मी समजत होतो ते नव्हते. सुटे की सगळे, हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याचा नाहीच. ज्याचे आहे त्याने ते ठरवावे. घेणाऱ्याचे काम एवढेच, की त्याला जे माहीत आहे ते समोरच्यालाही माहीत करून द्यावे. आधी ओळख, मग वाटणी. तऱ्हाळ्याला हेच झाले म्हणून विस्मृतीतले राजे परत आले. भोसल्यांच्या वाड्यात हे झाले नाही म्हणून दीडशेहून अधिक वर्षांनीही ती जखम ओली आहे. आणि त्या निवृत्त गृहस्थांच्या पेटीबाबत मी हे केले नाही, हे मला यापुढेही आठवत राहील.

तो रुपया पुढे दुसऱ्या एका संग्राहकाने योग्य किमतीला घेतला. माझ्या संग्रहातली ती जागा रिकामीच आहे. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मी काकूंकडून १९५० च्या संचातला घोड्याचा पैसा मागितला, आणि हा मुळीच महाग नाही, तो मजजवळ आधीच एक आहे, असे सांगून मागितला. त्यांनी हसून बाजारभावाने दिला. बाजारभाव मीच सांगितला होता. या वेळी थोडा चढा.

यंदा लक्ष्मीपूजनाला तो घोडा मी आमच्या अकरा राण्यांच्या शेजारी ठेवणार आहे. नात विचारील, "आजोबा, हा इथे कसा? हा तर चांदीचा पण नाही!" तिच्या आजीने परवानगी दिली तर ती गोष्ट तिला सांगीन. आणि चिंचेच्या कोळाने त्याला घासू लागली, तर या वेळी काही बोलणार नाही.