कुठे किती व्होल्ट

पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या दाटीत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारे एक काका बसत. एके दिवशी त्यांच्याकडे एक तरुण इंजिनिअर आला. त्याला स्वतःच्या हाताने पहिला व्हॉल्व्ह अँप्लिफायर बांधायचा होता. कोणता, तेही त्याने ठरवलं होतं: 300बी. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हा व्हॉल्व्ह मुळात सिनेमागृहांतल्या अँप्लिफायरसाठी गाजला. एकट्या व्हॉल्व्हमधून मिळतात साधारण 8 वॉट, पण त्या आवाजावर जीव टाकणारी माणसं जगभर आहेत. पोराने त्यासाठी पैसे साठवले होते.

काकांनी त्याने आणलेला सर्किटचा नकाशा नीट पाहिला. मग विचारलं, "चालू केलास आणि आवाजच आला नाही, तर मीटरची पिन आधी कुठे लावशील?"

त्याला उत्तर देता आलं नाही.

"मग आजोबांचा रेडिओ घेऊ का हाताशी? घरी पडूनच आहे," तो म्हणाला आणि पिशवीतून रेडिओ काढला. काकांनी मागचा पुठ्ठा उघडून दाखवला. "यात मेनचा ट्रान्सफॉर्मर नाही. मेनची एक तार सरळ चासीला जोडलेली आहे. पिन उलटी बसली की अख्खी चासी फेजवर. शिकणाऱ्याने याला हात लावायचा नाही."

शेवटी काकांनी ईसीएल82 सुचवला. एकाच काचेत ट्रायोड आणि पेंटोड, म्हणजे एका व्हॉल्व्हमध्ये एक अख्खं चॅनेल. तीनेक वॉट निघतात, आणि खोलीत गाणं ऐकायला तेवढे पुरतात. "आधी एकच चॅनेल. त्यातही आधी नुसता पॉवर सप्लाय. आणि वही ठेव. कुठे किती व्होल्ट यायला हवेत ते आधी लिहायचं, मोजायचं नंतर."

पोरगा हिरमुसला. पण त्याने ऐकलं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मोठ्या नकाशावरून माघार घ्यायला बांधण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

ट्रान्सफॉर्मर 180 व्होल्टचा होता. डायोड आणि कंडेन्सर लावून त्याने मोजलं, तर मीटर 250 च्या वर! तो घाबरून काकांकडे धावला. काका म्हणाले, "एसीचा 180 हा आकडा आरएमएसचा, शिखराचा नव्हे. कंडेन्सर भरतो शिखरापर्यंत, म्हणजे 1.41 पट. लोड आला की खाली उतरेल. म्हणून कंडेन्सर 350 व्होल्टचा घ्यायचा." मग आवाज चढवून म्हणाले, "आणि बंद केल्यावर?"

बंद केल्यावरही तो कंडेन्सर भरलेलाच राहतो. अशा धक्क्याने माणूस दगावू शकतो. काकांनी कंडेन्सरवर 100 किलोओहमचा, 2 वॉटचा रेझिस्टर कायमचा लावायला सांगितला. 100 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्यातून अर्ध्या मिनिटात 12-13 व्होल्टवर येतो. "तरीसुद्धा हात घालण्याआधी मीटरने बघायचं. दर वेळी. आणि चालू सेटमध्ये मोजताना दुसरा हात खिशात."

हळूहळू चॅनेल उभं राहिलं. आवाज आला, पण त्याच्यासोबत जोराचा हमही आला. पूर्वीचा तो असता तर अख्खी वायरिंग उपटली असती. आता त्याने पेंटोडची ग्रिड कंडेन्सरमधून अर्थला टेकवली. हम थांबला, म्हणजे दोष त्याच्या अलीकडे. मग इनपुट शॉर्ट केला. हम तसाच. उरला ट्रायोड. बघतो तर हीटरच्या तारा त्याच्या ग्रिडला खेटून धावत होत्या. त्याने त्या एकमेकींना घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून नेल्या आणि हम इतका उतरला की कान स्पीकरला लावावा लागे. त्या रात्री त्याने उशिरापर्यंत गाणी ऐकली.

दुसऱ्या दिवशी तो पेठेत गेला तो नुसती वही घेऊन. काका एकेक आकडा वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले.

"पेंटोडच्या ग्रिडवर 1.2 व्होल्ट?"

"हो. थोडेच आहेत म्हणून सोडून दिलं."

"तिथे शून्य हवं. आणि कॅथोडवर 16 लिहिलेस, मिळाले 17. कॅथोडचा रेझिस्टर 390 ओहम, म्हणजे 41 मिलिअँपिअरऐवजी 44 जवळ चाललेत. ट्रायोड आणि पेंटोडच्या मधला कंडेन्सर कुठून आणलास?"

तो घुटमळला. "आजोबांच्या रेडिओतून काढला. त्यांची काहीतरी आठवण असावी म्हणून."

"जुना कागदी कंडेन्सर गळतो रे. आज 1.2 आहेत, उद्या 5 होतील. व्हॉल्व्ह लाल होईल आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जाईल. घरी जा, त्याचं ग्रिडकडचं टोक सोडव आणि ग्रिड परत मोज. शून्य आलं तर दोष कंडेन्सरचा. नाही आलं तर व्हॉल्व्ह घेऊन ये."

अँप्लिफायर काकांनी पाहिलासुद्धा नव्हता.

घरी त्याने टोक सोडवलं. मीटरवर शून्य. नवा फिल्म कंडेन्सर बसवला आणि कॅथोड 16 वर आला. आजोबांचा कंडेन्सर त्याने डबीत ठेवला. वहीतला 1.2 खोडला नाही, शेजारी तारीख घालून नवा आकडा लिहिला. मग पुढच्या कोऱ्या पानावर दुसऱ्या चॅनेलचे व्होल्ट मांडले आणि चासीला भोकं पाडायला घेतली.