गाडीतली जागा

आमच्या कर्जत-खोपोलीच्या गाडीत आंधळा प्रवासी चढला, की कोणीतरी चटकन उठून त्याला जागा देतो. ही दया खरीच. तिला हसू नये. पण याच लोहमार्गावरच्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची हकिगत ऐकावी. सहाव्या वर्षी दृष्टी गेली, तरी २०१६ साली केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्या ७७३व्या आल्या. त्यांच्या वाट्याला आली रेल्वेचीच लेखासेवा. आणि दिसत नाही म्हणून तीच नाकारली गेली. सरकारी नोकरीत शंभरात एक जागा अंधांसाठी राखावी, असा कायदा १९९५ पासून होता!

डब्यातली जागा मिळते, कचेरीतली का मिळू नये? पहिली देताना आपण थोर ठरतो. दुसरी देताना समोरचा आपल्या बरोबरीचा ठरतो. तेच आपल्याला जड जाते.

पुढल्या वर्षी १२४वा क्रमांक मिळवून त्या प्रशासन सेवेत गेल्या आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. डोळसांचे अर्ज आता त्यांच्यापुढे होते.

पणती आपण उंबरठ्यावर ठेवतो, ती येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून. ज्याला ती दिसत नाही, त्याच्यासाठी दार तरी उघडे असावे.