वाचावे ते कोणते?

दिवाळीच्या फराळाबरोबर घरात एखादा दिवाळी अंक यावा, ही आपल्याकडची जुनी हौस. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेथून ही प्रथा रूढ झाली. परंतु अंक हाती आल्यावर तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे थोडेच. बहुतेकजण अनुक्रमणिकेवरून बोट फिरवतात, ओळखीचे नाव दिसले की थांबतात आणि अनोळखी नाव ओलांडून पुढे जातात. हे बोट कशाच्या आधारावर थांबते आणि कशाच्या आधारावर पुढे सरकते? प्रश्न किरकोळ दिसतो खरा. पण विचार करू लागले की तो रुचीचा न राहता नीतीचा होतो.

आधी हिशेब करून पाहू. रोज नेमाने वीस पाने वाचणारा माणूस वर्षाला ७,३०० पाने वाचील. अडीचशे पानांचे एक पुस्तक धरले तर वर्षाची २९ पुस्तके झाली. चाळीस वर्षे हा नेम टिकला, तरी बेरीज साडेअकराशेच्या आसपासच थांबते. एवढी पुस्तके तर तालुक्याच्या गावच्या वाचनालयातही सापडतील! शिवाय हा हिशेब सवड असलेल्या माणसाचा झाला. आमच्या धामणगाव बढे गावी दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालू असते. दिवसभर वेचणी करून आल्यावर चूल, भांडी आणि मुले आटोपून ज्या बाईला निजण्यापूर्वी दोन पानांपुरती सवड मिळते, तिच्या हाती पोकळ पुस्तक देणे म्हणजे तिच्या कष्टाच्या मजुरीतून पैसे काढून घेण्यासारखेच आहे. तेव्हा वाचकाने आपल्या वेळेबाबत चिकट असावे, यात गैर काही नाही.

मग निवड कशी करावी? आपण बहुधा दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो. कोणी स्नेही सांगतो, कोठे परीक्षण येते, पुस्तकाला पारितोषिक मिळते. आता तर अनोळखी माणसांनी दिलेल्या चांदण्या मोजूनही पुस्तके घेतली जातात. या विसंबण्याला मी नावे ठेवणार नाही. बियाणे घेताना शेतकरी शेजाऱ्याला विचारतोच; सगळी बियाणी स्वतः पेरून पाहायला आयुष्य पुरायचे नाही. पण शेजाऱ्याला तो विचारतो ते पीक कसे आले हे. पिशवीवर नाव कोणाचे हे नव्हे. पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. काय लिहिले आहे हे पाहण्याआधी कोणी लिहिले आहे हे पाहतो, आणि तेथेच निकाल देऊन मोकळे होतो.

अशा निकालाचे मोल काय पडते, याचा दाखला आमच्या बुलढाण्याइतका स्पष्ट क्वचितच कोठे मिळेल. बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. त्यांची कन्या ताराबाई. मुलींना शिकवणे हेच जेव्हा नवल होते, त्या काळात त्यांनी तिला घरी शिकवले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला होऊन तिला शिक्षा झाली, आणि त्या निमित्ताने एकूण स्त्रीजातीच्या वर्तनावर ताशेरे झाडले जाऊ लागले. ताराबाईंना ते सहन झाले नाही. स्त्रीला जे दोष लावता ते पुरुषांत नाहीत काय, असा रोखठोक सवाल करणारे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या.

पुस्तक लहानसेच, दोन-तीन संध्याकाळी सहज वाचून व्हावे. पण वऱ्हाडातली एक बाई पुरुषांना जाब विचारते, एवढे कळताच पुष्कळांचा निकाल ठरून गेला. निंदा झाली, कुचेष्टा झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, पण असा वाचक विरळा. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आल्याचे ज्ञात नाही. पुढे हे पुस्तकही लोकांच्या स्मरणातून गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मधे ९३ वर्षे उलटली होती. आज स्त्रीमुक्तीच्या विचारातले ते भारतातील आद्य लेखन म्हणून आदराने सांगितले जाते. त्या काळच्या वाचकांनी दोन-तीन संध्याकाळी वाचवल्या. त्यांच्या मुली, नाती आणि पणती मात्र त्या पुस्तकावाचून राहिल्या.

यावर कोणी म्हणेल, “म्हणजे आम्ही आलेले प्रत्येक पुस्तक वाचत बसावे की काय?” मुळीच नाही. उत्तर ताराबाईंच्याच पुस्तकात आहे. त्या आधी वाचक होत्या, आणि कठोर वाचक होत्या. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारखी त्या काळी आवडीने वाचली जाणारी पुस्तके त्यांनी घेतली आणि त्यांतील बायका आपल्या डोळ्यांसमोरच्या बायकांशी ताडून पाहिल्या. पुस्तक नावाजलेले आहे म्हणून त्या दबल्या नाहीत; पण न वाचता त्यांनी झिडकारलेही नाही. पुस्तक उघडावे, थोडे वाचावे आणि आपण जगतो त्या जगण्याशी ते ताडून पाहावे, याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. या कसोटीला पदवी लागत नाही. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला ती पुरते आणि वेचणीहून आलेल्या बाईलाही पुरते. कसोटीला न उतरलेले पुस्तक अर्ध्यावर मिटून ठेवण्यात पाप नाही.

शाळेतली मुले हे उपजतच जाणतात. पेटीतून पुस्तक निवडताना ती लेखकाचे नाव पाहत नाहीत. मधलेच एक पान उघडतात, चार ओळी वाचतात, आणि एक तर तेथेच फतकल मारून बसतात किंवा पुस्तक परत ठेवतात. मात्र चौथीत परत ठेवलेले पुस्तक सातवीत तोच मुलगा मागून नेतो, हेही मी पाहतो. पुस्तक तेच असते. वाचक वाढलेला असतो. म्हणून ‘हे मला आज नको’ आणि ‘हे टाकाऊ आहे’ या दोन वाक्यांत मोठे अंतर ठेवले पाहिजे. पहिले म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसरे म्हणताना आपण आपल्यापुरते बोलत नसतो; अजून न आलेल्या वाचकाच्या वतीनेही निकाल देत असतो.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम सांगितले. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांतला एक. आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असतो, हा दुसरा. वरवर परस्परविरोधी वाटणारे हे नियम एकाच माणसाने एकाच ग्रंथात मांडले, कारण दोन्ही एकत्र पाळता येतात. वेळ आपला आहे; तो जपावा. पुस्तक आपले एकट्याचे नाही, तेही जपावे.

दिवाळीच्या साफसफाईत फळीवरची पुस्तके खाली येतात आणि रद्दीवाल्याचा काटा दाराशी लागतो. अशा कितीतरी दिवाळ्यांतून ‘स्त्री-पुरुष तुलना’ची निदान एक प्रत वाचली, म्हणून १९७५ साली ती पुन्हा छापता आली. ती ज्याने ठेवली त्याने ती वाचली होती की नाही, कोण जाणे. त्याने ती काट्यावर मात्र घातली नाही.